वॉर्डात ‘लीन’ आणताय? या चुका टाळा

पुण्यातल्या रुग्णालयांत क्वालिटीचं काम करताना सारखं दिसतं, मॅनेजमेंटने ‘लीन’चं, म्हणजे टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या, वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायच्या पद्धतीचं, नाव काढलं की सिस्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. सुधारणा त्यांनाही हवी असते. पण लीन म्हणजे माणसं कमी आणि फॉर्म जास्त, असाच अनुभव गाठीशी असतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे वॉर्डातल्या कुणालाही न विचारता कपाट आवरणं. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत फाइव्ह-एस (कामाची जागा नीट लावायची लीनमधली पद्धत) कोळून प्यायलेले लोक सल्लागार म्हणून येतात. हुशार असतात, पण घाई फार. अशाच एका टीमने जनरल वॉर्डातल्या २४ नंबरच्या पिवळ्या कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायच्या, लहान मुलांना लागणाऱ्या बारीक नळ्या) ‘खप नाही’ म्हणून स्टोअरला परत पाठवल्या. डेंग्यूच्या दिवसांत मुलांचा वॉर्ड भरला की लेकरं इथेच येतात, हे मावशींनाही ठाऊक होतं. रात्री दोनच्या सुमारास डिहायड्रेशन झालेलं बाळ आलं. शीर सापडली, पण कॅन्युला नाही आणि स्टोअरला कुलूप. सिस्टरने धावत जाऊन दुसऱ्या मजल्यावरून आणली. बाळ सावरलं. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीच्या लॉकरमध्ये कॅन्युला, टेप, आयव्ही सेट साठायला लागले. कपाट चकाचक आणि साठा पूर्वीपेक्षा जास्त, तोही कुठे लिहिलेला नाही.

मी कपाटाला हात लावण्याआधी एक अख्खी नाइट ड्यूटी वॉर्डात बसते, स्टॉपवॉच न घेता. मग प्रत्येक वस्तूचे दोन डबे: पहिला संपला की तो इंडेंटसोबत, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीसोबत, स्टोअरला जातो, तोवर दुसरा वापरायचा. डब्यात किती माल ठेवायचा ते इन्चार्ज सिस्टर ठरवते, आणि पावसाळ्यात तो वाढवते.

डिस्चार्जला उशीर झाला की सिस्टरला धारेवर धरणं, ही दुसरी चूक. पेशंट थांबतो तो डॉक्टरांच्या डिस्चार्ज समरीसाठी, फार्मसी रिटर्नसाठी (उरलेली औषधं परत करायला), बिलासाठी. कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बजावलंय, पण ते तास रुग्णालयाने कागद पाठवल्यावर सुरू होतात. समरी आदल्या संध्याकाळीच तयार करून घ्या.

भिंतीवर पोस्टर लावून काही होत नाही. एनएबीएच (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) ऑडिटच्या आठवड्यापुरती आवराआवर तर मुळीच नको.

टोयोटाच्या कारखान्यात गडबड दिसली की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ मध्ये टोयोटाची ही पद्धत उचलली तेव्हा पेशंटला धोका दिसल्यास काम थांबवायचा हक्क सगळ्या स्टाफला दिला आणि यामुळे कुणाची नोकरी जाणार नाही असंही सांगितलं. आपल्याकडे ट्रेनिंगच्या स्लाइड्स तेवढ्या येतात, या दोन गोष्टी गाळून. पहिल्याच मीटिंगमध्ये दोन्ही लेखी द्या. देता येत नसतील, तर कपाटं आहेत तशीच राहू द्या.