जुनी पोथी, जुनं पुस्तक, जुनं चित्र : घेताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत जुना कागद अजून बराच शिल्लक आहे. गढीच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, मास्तर असलेल्या आजोबांच्या लोखंडी संदुकीत. घराची वाटणी झाली किंवा कवेलू उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं की तो एका दुपारी अंगणात येतो आणि संध्याकाळपर्यंत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो. तो वाचवायला धावणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. पण त्याच्याच घाईनं पुष्कळ नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

सालाची गफलत

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. "तीनशे वर्षांची पोथी आहे, भाऊ," असं सांगणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्यानं शेवटच्या ओव्यांतला शक वाचलेला असतो. श्रीधरांचा 'रामविजय' शके १६२५ मध्ये, म्हणजे इ.स. १७०३ मध्ये पूर्ण झाला. ती ओवी अलीकडच्या छापील प्रतीतही सापडते. ते ग्रंथ रचल्याचं साल. छपाईचं साल मुखपृष्ठावर किंवा अगदी शेवटी, छापखान्याच्या नावाजवळ शोधायचं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो; जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांत विक्रम संवत असतो, त्यातून सुमारे ५७ वजा करा. वऱ्हाड निजामाकडे होतं, त्यामुळे तिकडच्या महसुली कागदांवर फसली सन दिसतो; त्यात सुमारे ५९० मिळवा.

कोपरा कुरतडला जाऊन आकडा गेला असेल आणि फक्त संवत्सराचं नाव उरलं असेल, तरी हातपाय गाळू नका. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. 'सुभानु' वाचता आलं तर शके १७४५, १८०५ किंवा १८६५, म्हणजे १८२३, १८८३ किंवा १९४३. पोथी शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, असेल तर १८२३ बाद करा, कारण गणपत कृष्णाजींचा शिळाछापखानाच मुंबईत १८३१च्या सुमारास सुरू झाला. उरलेल्या दोन सालांतून कागद पाहून निवड करणं सोपं असतं.

शिळाछाप हेच आणखी एका चुकीचं मूळ. त्यात मजकूर हातानं लिहून मग दगडावरून छापलेला असतो. दोन 'क' तंतोतंत सारखे नसतात, आणि घेणारा हस्तलिखित समजून दुप्पट पैसे मोजतो. शाई बघा. हस्तलिखितात बोरू दौतीत बुडवला की अक्षर गडद होतं आणि पुढं फिकट होत जातं. शिळाछापात शाई पानभर एकसारखी काळी असते. खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत सगळे 'क' एकाच वळणाचे, आणि पानाच्या मागून बोट फिरवलं तर बहुतेकदा दाब जाणवतो. हस्तलिखितात चूक झाकायला पिवळा हरताळ लावलेला असतो. त्यात आर्सेनिक असतं. थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती पोथीपुरती तरी सोडा.

जुनं ते सगळं दुर्मिळ, हा समज

नित्यपाठाच्या पोथ्या हजारोंनी छापल्या गेल्या. शंभर वर्षांची 'हरिविजय'ची प्रत घरच्या माणसांना मोलाची असते, पण बाजारात तिला फार भाव नाही. उलट तालुक्याच्या गावी छापलेला पातळसा अहवाल, जत्रेचं पत्रक, शाळेचं हस्तलिखित मासिक दुसरीकडे कुठंच मिळणार नाही. अशा चिटोऱ्यांकडे आधी बघा.

पानं न मोजता पैसे देणं

मध्यप्रांत आणि वऱ्हाडची जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं, १९१०च्या आगेमागे निघाली. वर्णनाचा भाग वेगळा आणि आकडेवारीचा वेगळा होता. एकच भाग हाती देऊन "पूर्ण आहे" म्हणणारे भेटतात. शेवटी घडी घालून ठेवलेला नकाशा बहुधा आधीच कुणीतरी काढून घेतलेला असतो. रसेल आणि हिरालाल यांचा १९१६चा जातीजमातींवरचा ग्रंथ चार खंडांचा. चारही खंड आणि त्यांतली छायाचित्रं तपासूनच भाव बोला. नव्या आवृत्त्याही भरपूर आहेत.

चित्राची पट्टी कापू नका

रविवर्मा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडच्या देवघरांतही पोचल्या. या चित्रांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव आणि चित्राचं शीर्षक असतं. फ्रेममध्ये बसावं म्हणून ती पट्टी कापली की चित्राची ओळखच गेली. कापलेलं चित्र स्वस्त मिळालं तर घ्या, पण स्वतः कात्री लावू नका.

नवी नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके एका नियमित जाळीत दिसतात. दगडावरच्या छपाईत ते वेडेवाकडे, कमीजास्त दाट असतात. कागद पिवळा आहे, एवढ्यावर जाऊ नका. चहाचं पाणी कुणालाही मिळतं. चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, काचेसकट घ्या आणि जाणकाराला दाखवा.

घरी आणल्यावर

आपल्याकडचा मोठा शत्रू कुलर आहे. एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत दिवसरात्र कुलर चालतो तिथं हवा दमट होते. पानं फुगतात, बुरशी धरते. पुस्तकांची आलमारी त्या खोलीत नको आणि कवेलूखालच्या ओल्या भिंतीला टेकून तर नकोच. बुरशी दिसली म्हणून अंगणातल्या उन्हात वाळवू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा आणि मग तोंडाला फडकं बांधून बाहेर मऊ ब्रशनं झटका.

चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. फाटलं असेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद. कसर किंवा किडा असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका. वेखंडाची पुरचुंडी आजी ठेवायची, ती आजही ठेवा.

गठ्ठा फोडू नका, विचारायला विसरू नका

पोथीचं बासन (गुंडाळायचं फडकं), मधल्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, पहिल्या पानावरचं गावाचं नाव सगळं एकत्र राहू द्या. कोणत्या गावातून, कुणाच्या वाड्यातून आलं ते घरातल्या वडीलधाऱ्या काकाजींना बसून विचारा आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा. मोडी लिपीतला कागद जमिनीचा निघाला तर घरच्यांना परत द्या. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकल्याची) खूण नसेल तर पुस्तक घेऊ नका, त्या ग्रंथालयाला कळवा.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या आसपास महानुभावांच्या पोथ्या निघतात. सकळ या पंथाच्या सांकेतिक लिपीतलं अक्षर वाचता येत नाही म्हणून त्या रद्दीत जातात. अशी पोथी दिसली तर आधी फोटो काढा आणि पंथातल्या जाणत्या माणसाला दाखवा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार महत्त्वाचं हस्तलिखित किमान ७५ वर्षं जुनं असेल तर ते पुरावशेष ठरतं. त्याच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक कितीही पैसे देत असलं तरी कुरिअर करू नका.