इंग्लंडला मुलांकडे जाताय? या चुका टाळा

मुलाकडे किंवा लेक-जावयाकडे जाणाऱ्या आईवडिलांचं फिरणं फसतं, ते बहुतेक एकाच कारणाने. सगळा कार्यक्रम शनिवार-रविवारवर आणि मुलांच्या गाडीवर टाकलेला असतो. पूर्णवेळ नोकरदाराला तिथे कायद्याने वर्षाला किमान 28 दिवस पगारी रजा मिळते, आणि सार्वजनिक सुट्ट्या बहुधा त्यातच धरतात. तुम्ही दीड महिना राहिलात तरी मुलं सोबत असतात ती फार तर सहा-सात शनिवार-रविवार. तेव्हा सोमवार ते शुक्रवार दोघांनीच हिंडायचं, हे मुंबईहून निघण्याआधीच ठरवा.

रेल्वेचं तिकीट

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त दिसतं, पण ज्या गाडीचं काढलं त्याच गाडीला चालतं. घरून निघायला उशीर झाला आणि गाडी चुकली, तर नवं तिकीट काढावं लागतं. सकाळची गर्दी टाळून निघणार असाल तर ‘ऑफ-पीक’ परतीचं तिकीट घ्या, संध्याकाळी कुठल्या गाडीने परतायचं याची घाई राहत नाही.

साठी उलटली असेल तर ‘सीनियर रेलकार्ड’ काढाच. वर्षाला 35 पौंड, तिकिटावर एक तृतीयांश सूट, आणि पाहुण्यांनाही मिळतं. स्टेशनच्या तिकीट-खिडकीवर पासपोर्ट दाखवा. लंडन आणि आग्नेय भागातल्या प्रवासाला मात्र ते सकाळच्या गर्दीच्या वेळी चालत नाही. साठीच्या आत असाल तर ‘टू टुगेदर’ कार्ड घ्या. तेही 35 पौंडांचंच, दोघांत एक. पण दोघं बरोबर असायला हवीत आणि कामाच्या दिवशी साडेनऊनंतरच. दोघांची मिळून 105 पौंडांची तिकिटं झाली की कार्डाचे पैसे वसूल.

लंडनच्या मेट्रोत, म्हणजे ट्यूबमध्ये, बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं. ज्याने आत शिरलात त्यानेच बाहेर पडा. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलं, तर यंत्र ते दोन अपुरे प्रवास धरतं आणि दोन्हीवर सर्वांत जास्त भाडं लावतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. रोख पैसे 2014 पासून घेत नाहीत. सीनियर रेलकार्ड असेल तर ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून दोन्ही जोडून घ्या, मग गर्दीची वेळ सोडून ट्यूबलाही सूट लागते. ही सोय बँकेच्या कार्डावर मिळत नाही, आणि आपल्याकडच्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभारही बसू शकतो.

काय पाहायचं

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं पाहायची म्हणून जाऊ नका. ती 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली आहेत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहायचा असेल तर जरूर जा, प्रवेश मोफत आहे. कोहिनूर ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये आहे, तिथे तिकीट लागतं. विंडसरचा किल्ला मंगळवार-बुधवार बंद असतो. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर चॉक फार्म स्टेशनजवळ आहे. हायगेटमधल्या ‘इंडिया हाउस’वर सावरकरांच्या नावाचा निळा फलक आहे, पण ती खासगी घरं आहेत. फलक रस्त्यावरूनच पाहा, बेल वाजवू नका.

घरात

न्हाणीघराच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी पाणी जायला मोरी नसते. बादली-तांब्या घेऊन टबाबाहेर बसलात तर पाणी लाकडी जमिनीतून झिरपून खालच्या छतावर डाग पडतो आणि दुरुस्ती महाग पडते. अंघोळ टबातच करा आणि पडद्याची कड टबाच्या आत ठेवा. फोडणीचंही तसंच. तेल तापायच्या आधी चिमणीचा पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद करा. मिरची तडतडल्यावर पंखा लावलात तर धुराचा भोंगा आधीच वाजलेला असतो. भोंग्यावर पिशवी बांधू नका, बॅटरीही काढू नका; रात्री खरी आग लागली तर तोच जागं करतो.

विमानतळावर

‘नातवाला सांभाळायला आलोय’ हे वाक्य अधिकाऱ्यापुढे अडचणीचं ठरू शकतं. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि मुलांची नोकरी चालावी म्हणून आलात असा अर्थ निघाला तर पुढची चौकशी सुरू होते. मुलांना भेटायला आणि देश पाहायला आलो, किती दिवसांसाठी, परतीचं तिकीट हे, असं खरं तेच सांगा. सांभाळणंच मुख्य काम असेल तर मात्र व्हिसाच्या अर्जापूर्वीच जाणकाराला विचारा.

पेढे, श्रीखंड, खवा, साजूक तूप घेऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, सापडले तर जप्त होतात.

विमा मात्र टाळू नका. मधुमेह, रक्तदाब अर्जात लपवू नका, दावा नाकारायला ते कारण पुरतं. पर्यटकाला रुग्णालयात दाखल केलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं, आणि 500 पौंड किंवा त्याहून जास्त थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीची प्रत मुलांच्याही फोनवर ठेवा. तातडीला 999, तातडी नसेल तर सल्ल्यासाठी 111.