कापडी आवरणाचं जुनं विमान घेऊन दुरुस्त करताना या चुका टाळा : पायपर कबच्या निमित्ताने

जुनं हलकं विमान घ्यायचं म्हटलं की बहुतेकांची नजर आधी पायपर जे-३ कबवर जाते. १९३८ ते १९४७ या काळात पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी ही विमानं जवळपास २०,०००च्या संख्येने बनली. त्यातली कित्येक आजही उडतात, विक्रीला येतात आणि सुटे भागही मिळतात. रचना साधी आहे. वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या स्पारचे (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळयांचे) पंख, वर ताणून बसवलेलं कापड आणि नाकात ६५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांसाठी बंगळूरला बनलेलं पुष्पक याच जातकुळीतलं, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

नवं कापड पाहून भाव ठरवणं

"नुकतंच रिकव्हर केलंय" (म्हणजे नवं कापड चढवलंय) हे वाक्य जाहिरातीत दिसलं की भाव चढतो. खरं तर इथेच जास्त सावध व्हायला हवं, कारण ताज्या रंगाखाली काय आहे ते आता कोणालाच दिसत नाही. कापड चढवण्याआधी सांगाडा उघडा असतानाचे फोटो मागा. नळ्या, स्पार, फिटिंग, केबल सगळं दिसायला हवं. असे फोटो नसतील तर नव्या कापडासाठी जादा पैसे मोजू नका.

गंज कुठे शोधायचा हे ठरलेलं आहे. विमान शेपटीवर बसतं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी मागे वाहत जातं आणि खालच्या लाँजेरॉनच्या (सांगाड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या लांब नळीच्या) शेवटच्या दोन-अडीच फुटांत साचतं. तिथलं कापड बाजूला करून टोकदार टोच्याने नळी दाबत जा. चांगली नळी दाद देत नाही. गंजलेल्या नळीत टोक रुततं किंवा ठोकल्यावर आवाज बद्द येतो. उंदरांचं घरटं पंखात सापडलं तर नुसतं झाडून काढून समाधान मानू नका. उंदरांच्या मुताने ॲल्युमिनियमच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) अक्षरशः खाल्ल्या जातात.

स्पार लाकडी असेल तर स्ट्रट (पंखाला खालून आधार देणारा तिरपा दांडा) जिथे जोडला जातो त्याच्या आजूबाजूला आणि मजबुतीसाठी लावलेल्या फळीच्या कडेला आरसा नि टॉर्च घेऊन पाहा. टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरा. रेषांना आडवी, केसासारखी बारीक भेग दिसली तर ती दाबाने पडलेली भेग आहे, आणि तो स्पार गेला. पूर्वी कधी पंखाचं टोक जमिनीला घासलं असेल तर ही भेग हमखास शोधावी.

स्ट्रट आणि त्याचा फोर्क विसरणं

कबचा पंख दोन-दोन स्ट्रटवर तोलला जातो. जुने स्ट्रट आतून पोकळ आणि उघडे असतात, पाणी तळाशी साचतं आणि नळी आतून बाहेर सडते. बाहेरचा रंग मात्र अखेरपर्यंत चकचकीत राहतो. अमेरिकेच्या एफएएचा (विमान वाहतूक प्रशासनाचा) यासाठी सक्तीचा आदेशच आहे (सध्याचा क्रमांक २०१५-०८-०४). साधे स्ट्रट दर २४ महिन्यांनी तपासावे लागतात. सील केलेले नवे स्ट्रट बसवले तर ही वारंवारची तपासणी सुटते. स्ट्रटच्या खालच्या टोकाला आट्यांनी बसवलेला दुबेळक्यासारखा जोड म्हणजे फोर्क. त्याच्या आट्यांमध्ये तडे जातात, ते वेगळं तपासायचं. लॉगबुकात या आदेशाची नोंद नसेल तर चार सील्ड स्ट्रट आणि नव्या फोर्कचा खर्च भावातून वजा करूनच बोलणी सुरू करा.

कागदपत्रं नंतर पाहू म्हणणं

अमेरिकेत विमानाचा नोंदणी क्रमांक देऊन ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून त्याची संपूर्ण फाइल मागवता येते. त्यात जुने मालक, कर्जाचे बोजे आणि मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ असतात. लॉगबुकातल्या नोंदी या फॉर्मशी ताडून पाहा. लॉगबुक हरवलंय म्हणणारा विक्रेता आणि फाइलमध्ये पंख बदलल्याचा फॉर्म, अशी जोडी बऱ्याचदा भेटते. डेटा प्लेटवरचा अनुक्रमांक फाइलशी जुळायलाच हवा.

तिकडे नोकरीनिमित्त असलेल्या मराठी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: अमेरिकी नोंदणी स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी व्हिसावर विमान विकत घेता येईल, पण ते स्वतःच्या नावावर नोंदवता येणार नाही. ट्रस्टसारखे मार्ग आहेत. पैसे देण्याआधी वकिलाला विचारा.

जुन्या कापडाची चुकीची चाचणी

कापडाचा दम रंगावरून कळत नाही आणि बोटाने दाबूनही कळत नाही. कबसारख्या विमानाचा पंखावरचा भार चौरस फुटाला ९ पौंडांहून कमी आणि कमाल वेग ताशी १६० मैलांहून कमी, म्हणून मूळ कापड इंचाला ६५ पौंड ताण घेणारं चालतं. त्याच्या ७० टक्के, म्हणजे ४६ पौंडांखाली उतरलं की ते कापड बाद. चाचणीची १ इंच रुंद पट्टी पंखाच्या वरच्या बाजूने, उन्हाचा मारा जास्त बसतो तिथून आणि शक्यतो गडद रंगाखालून कापा. पट्टीवरचा डोप (कापड ताठ करणारा लेप) काढून नुसतं कापड ताणायचं. डोपसकट ताणली तर आकडा फसवा येतो.

दोन पद्धतींची खिचडी करणं

आजचं कापड पॉलिस्टरचं असतं. ते चिकटवायचा गोंद, भरायचा थर, चंदेरी थर आणि रंग हे सगळं मिळून एक मंजूर पद्धत होते. एका पद्धतीचा गोंद, दुसरीचा चंदेरी आणि मोटारीचा पॉलियुरेथेन रंग असा मेळ घातला की मंजुरीही जाते आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रेही सुटतात. डोपच्या दोन प्रकारांपैकी ब्युटिरेट नायट्रेटवर बसतं, उलटं बसत नाही. कापड घेताना काठावरचा मंजुरीचा शिक्का बघा. वजनाला सर्वांत हलकं कापड प्रमाणित विमानाला चालत नाही.

सांगाड्याला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमरच लावा. झिंक क्रोमेट प्रायमरवर गोंदातलं एमईके हे द्रावक पडलं की प्रायमर विरघळतो आणि कापड नळीला न चिकटता मऊ पडलेल्या प्रायमरला चिकटतं.

इस्त्रीवर भरवसा ठेवणं

सगळ्यात जास्त पंख इथे वाकडे होतात. पॉलिस्टर उष्णतेने आकसतं, आणि किती आकसेल ते तापमानावर ठरतं. पॉली-फायबर या मंजूर पद्धतीत आधी १०७ अंश सेल्सिअस (२२५ फॅरनहाइट), मग १२१ (२५०) आणि शेवटी १७७ (३५०). १९० च्या पुढे गेलात तर कापड ढिलं पडतं आणि पुन्हा ताणलं जात नाही. घरगुती इस्त्रीच्या चकतीवरचे "सिल्क" नि "कॉटन" इथे कामाचे नाहीत, त्यात तापमान सतत वरखाली होतं. इस्त्रीच्या तळाला थर्मामीटर लावून आकडे स्वतः नोंदवा, चकतीवर मार्करने खुणा करा आणि रोज काम सुरू करण्याआधी पुन्हा पडताळा. हीट गन हातातही घेऊ नका. तिचं तापमान काबूत राहत नाही.

कापड चढवण्याआधी पंखातल्या कर्णरेषेत जाणाऱ्या तिरप्या तारांचा ताण मोजपट्टीने जुळवून घ्या. प्रत्येक खणाचे दोन कर्ण समान यायला हवेत. रिब उभ्या राहाव्यात म्हणून सुती पट्टी वर-खाली विणत न्यावी लागते. ती चुकली तर कापड आकसताना रिब एका बाजूला झुकतात. मग इस्त्री एका बाजूला शेवटपर्यंत नेऊन दुसऱ्या बाजूला वळू नका. दोन्ही बाजू १२१ पर्यंत आणा, त्यानंतरच १७७. नाही तर मागची कड धनुष्यासारखी वाकते.

भरायचा पहिला थर ब्रशनेच मारा. स्प्रेने मारलेला थर धाग्यांना वेढत नाही, वर नुसता बसतो, आणि पुढे अख्खा पापुद्रा निघून येतो. चंदेरी थरातली ॲल्युमिनियमची पूड उन्हापासून कापड वाचवते. ती डब्यात तळाला बसते, म्हणून ढवळत राहा. थर पुरेसे झाले का हे पाहायला पंखाच्या आत दिवा लावा: उजेड झिरपला तर आणखी थर हवेत. आरशासारखा गुळगुळीतपणा हवा म्हणून चंदेरी थर घासत बसणाऱ्यांच्या पंखात रिबच्या कडांवर हमखास उजेड दिसतो.

रिबची शिलाई जुन्या कापडावरच्या अंतराने करा. जुनं कापड फाडून टाकण्याआधी ही अंतरं, निचऱ्याची छिद्रं आणि तपासणीच्या रिंगा मोजून ठेवा. हे लोक विसरतात आणि मग घोडं इथे पेंड खातं. निचऱ्याचं छिद्र प्रत्येक खणात सगळ्यात खाली हवं, नाही तर लाँजेरॉनचं दुखणं पुन्हा पहिल्यापासून.

वजन वाढू देणं

कबचं कमाल वजन १,२२० पौंड. रिकामं विमान ७६५ पौंडांचं असेल तर उरतात ४५५. १२ गॅलन पेट्रोलचे ७२ काढले की दोन माणसांना ३८३, म्हणजे सुमारे १७४ किलो. जादा रंग, गालिचा, बॅटरी, रेडिओ करत रिकामं वजन ८२० वर गेलं की दोघांना मिळून १४९ किलो. मंडळी अंगापिंडाने भरलेली असतील तर टाकी अर्धी रिकामी ठेवून उडायची पाळी. रंग तुलनेने हलका असतो असं समजून थरावर थर चढवले जातात. प्रत्येक भाग कापडाआधी आणि रंगानंतर तोलला तर वेळीच कळतं.

कापड चढवण्याआधी सही करणाऱ्या इन्स्पेक्टरला सांगाडा दाखवा. न पाहिलेल्या कामावर तो सही करणार नाही, आणि मग नवंकोरं कापड कापून उघडावं लागतं.

उडायला लागल्यावर येणाऱ्या तक्रारी

विमान सरळ उडत नाही, डावा पंख पडतो: इंधन असमान आहे म्हणावं तर कबची टाकी मधोमध नाकात आहे, ते कारण बाद. डाव्या मागच्या स्ट्रटचा फोर्क थोडा आत फिरवून तो स्ट्रट आखूड करा, किंवा उजवा थोडा लांब करा. लांब करताना फोर्कच्या पुरेशा आट्या स्ट्रटमध्ये अडकल्या आहेत ना, हे पाहिल्याशिवाय उडू नका.

उतरताना टेलव्हील (शेपटीचं चाक) थडथडतं: पानांची स्प्रिंग सपाट झाली की चाकाचा उभा पिव्हट पुढे झुकतो. घर्षण वाढवून लक्षण दबतं. स्प्रिंग बदलली तरच ते जातं.

इंजिन चालताना मध्येच गुदमरतं आणि बंद पडतं: कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण पाहा. हवेचं छिद्र बुजलेलं किंवा छिद्र नसलेलं झाकण बसवलेलं असू शकतं. जुन्या टाकीला आतून सीलंट लावलेलं असेल तर त्याचे पापुद्रे सुटून गाळणीत अडकतात, तीही उघडून बघा.

तार खाली बसलेली, पण टाकी भरलेली: कबचा इंधनमापक म्हणजे बुचाच्या तरंगत्या तुकड्याला लावलेली तार. त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये सुटतो, बूच पेट्रोल शोषतं आणि बुडतं. मोटारीचं पेट्रोल वापरायला लागणाऱ्या मंजुरीतही इथेनॉल चालत नाही. तरंगता तुकडा बदला आणि पेट्रोल भरण्याआधी इथेनॉलची चाचणी करा: पारदर्शक बाटलीत थोडं पाणी घालून पातळीची खूण करा, वर पेट्रोल ओतून हलवा. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर त्या पंपाचं पेट्रोल नको.