पिल्लं घारीला भितात, असं लिहिण्याआधी

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, भीती उपजत असते की शिकलेली? मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि उत्तर हाती लागलं असं वाटून मी एमएससीचा प्रकल्प जवळजवळ वाया घालवला होता.

इन्क्युबेटरमध्ये उबवलेली बारा पिल्लं होती, कोंबडीचं तोंडही न पाहिलेली. पाचव्या दिवशी घारीच्या आकाराचा काळा पुठ्ठा दोरीवरून त्यांच्या डोक्यावर सरकवला. चिवचिव एकदम थांबली. बहुतेक पिल्लं पोट जमिनीला टेकून बसली, दोन पाण्याच्या भांड्यामागे शिरली. मी वहीत लिहिलं, ‘घारीची भीती उपजत.’ मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, “आणखी काय सरकवून पाहिलंस?”

काहीच नाही. मग साधा गोल पुठ्ठा सरकवला. पिल्लं तशीच दबकली!

प्राणीवर्तनाचे अभ्यासक लॉरेंझ आणि टिनबर्गन यांचा १९३७ सालचा पुठ्ठा तुम्हाला अभ्यासात भेटेलच. एका दिशेने नेला की लांब मानेचा हंस, उलट नेला की आखूड मानेचा शिकारी पक्षी, भीती दुसऱ्याचीच. पण तिथे थांबू नका. पुढे श्लाइट यांनी टर्कीच्या पिल्लांवर दाखवलं की जो आकार वारंवार दिसतो त्याला पिल्लं सरावतात आणि क्वचित दिसणाऱ्याला दचकतात. म्हणजे वरून काही सरकलं की दबकायचं, हे ती जन्मतःच घेऊन येतात. कशाला घाबरायचं सोडून द्यायचं, ते शिकतात. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

माकडांचं थोडं वेगळं. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत, प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला फारशी भीत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं की तीही घाबरायला शिकली. घाबरलेल्या माकडाच्या व्हिडिओत सापाच्या जागी फुलं दाखवली, तेव्हा मात्र फुलांची भीती बसली नाही. शिकणं खरंच, पण काय चटकन शिकायचं याचा कल आधीच ठरलेला.

म्हणून वहीत आधी फक्त दिसलं ते लिहा: किती पिल्लं बसली, किती सेकंद. ‘उपजत’ हा शब्द पेन्सिलीनेसुद्धा नको. आणि पिल्लू जन्मापासून डोक्यावर काय काय पाहत आलंय, त्याची नोंद ठेवा.

मी पुढे नवी पिल्लं घेऊन गोल पुठ्ठा रोज फिरवला. आठव्या दिवशी कुणी मानही वर केली नाही, दाणे टिपणं चालूच होतं. मग घार सरकवली, आणि चिवचिव थांबली.