शाळा उघडण्यापूर्वी दप्तराचे वजन करून पाहावे

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, वह्या-पुस्तकांना कव्हरे घालून झाली की, भरलेल्या दप्तराचे वजन एकदा अवश्य करावे. मुलाला आधी दप्तरासह आणि नंतर दप्तराशिवाय वजनकाट्यावर उभे केले, की दोन आकड्यांतील फरक हेच दप्तराचे वजन असते. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे. म्हणजे 22 किलोच्या मुलासाठी मर्यादा 2.2 किलो.

पुस्तकांकडे बोट दाखवण्याआधी रिकामे दप्तर आणि पाण्याची बाटली तपासावी, कारण एक लिटर पाण्याचेच वजन एक किलो भरते आणि चाके, कप्पे व कार्टूनच्या चित्रांनी सजलेली दप्तरे (मुलांना नेमकी तीच हवी असतात) मुळातच जड असतात. शाळेत पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय असल्यास अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

शिक्षकांनी वेळापत्रक पहिल्याच दिवशी द्यावे आणि दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी वह्या सांगाव्यात. पालकांनी मात्र दप्तर रोज रात्री, मुलाकडूनच, वेळापत्रकाप्रमाणे भरून घ्यावे.