फुटलेला पाइप, बुरशी आणि विम्याचा दावा

न्यू जर्सीतील आमच्या घरात ऐन हिवाळ्यात भिंतीतला पाण्याचा पाइप गोठून फुटला आणि दिवाणखान्याचे छत भिजले. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, काहीही हलवण्यापूर्वी, मी सगळ्याची छायाचित्रे काढली आणि प्लंबरने कापलेला पाइपचा तुकडा जपून ठेवला. अमेरिकेतील प्रचलित एचओ-३ ही घरमालकांची विमा पॉलिसी अचानक झालेल्या गळतीचे नुकसान भरून देते, परंतु आठवडे-महिने चाललेला पाझर वगळते; विमा कंपनीच्या, नुकसानीची पाहणी करणाऱ्या अ‍ॅडजस्टरने भिंतीवरील डाग जुने असल्याचे सांगून नेमके हेच कलम पुढे केले.

त्यावर मी नकाराचे कारण कलमासह लेखी मागितले आणि प्लंबरचा अहवाल, पाइपवरील ताज्या चिरेची छायाचित्रे व घर गरम ठेवल्याचा पुरावा म्हणून गॅसची बिले पाठवली. दावा मंजूर झाला. (पाइपची दुरुस्ती आपल्याच खिशातून होते, तिथवर पोहोचण्यासाठी भिंत फोडून पूर्ववत करण्याचा खर्च मात्र मिळतो, हे अनेकांना ठाऊक नसते.)

बुरशीचे प्रकरण निराळे. ओल २४ ते ४८ तासांत सुकली नाही तर बुरशी धरू लागते आणि अनेक पॉलिसींत तिच्यासाठी वेगळी, तोकडी मर्यादा असते. म्हणून अ‍ॅडजस्टरची वाट न पाहता मी पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारे यंत्र) भाड्याने आणले. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असल्याने त्यांच्या पावत्याही दाव्यात धरल्या गेल्या.