हेडफोनसाठी वेगळा ॲम्प घ्यावा का? आधी हे तपासा

लॅमिंग्टन रोडला ॲम्प (हेडफोनला जाणारा सिग्नल मोठा करणारं उपकरण) घ्यायला निघण्याआधी घरीच थोडं गणित करा. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा (ओम), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॉटला किती डेसिबल. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ व्होल्टला देतात, म्हणून एकक नीट वाचा.

गाण्यातल्या क्षणभराच्या जोरदार आघातांसाठी ११० डेसिबल धरा. दर १० डेसिबलला दहापट पॉवर लागते. ३२ ओम, १०० डेसिबलच्या हेडफोनला त्यासाठी १० मिलिवॉट हवेत. किती व्होल्टेज लागेल ते कळायला वॉटला (१० मिलिवॉट म्हणजे ०.०१ वॉट) ओमने गुणून वर्गमूळ काढा: सुमारे ०.५७ व्होल्ट. ३०० ओम, ९७ डेसिबलच्या हेडफोनला मात्र २० मिलिवॉट आणि जवळपास २.५ व्होल्ट लागतात. फोनला हेडफोन जोडायचे छोटे डाँगल बरेचदा १ व्होल्टच्या आसपासच देतात. इथे ॲम्प खरोखर हवा. व्होल्टेज पुरलं नाही की लाटेची टोकं छाटली जातात आणि डग्ग्याची थाप बोथट, फाटकी ऐकू येते.

पहिल्या हेडफोनला डाँगल पुरतो. तिथे पैसे घालवू नका, त्यात चांगला हेडफोन घ्या.

ॲम्प घ्यायचाच असेल तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओमच्या एक अष्टमांश किंवा त्याहून कमी असावा. हेडफोनचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो. ॲम्पचा स्वतःचा अडथळा मोठा असला तर काही स्वरांना जास्त व्होल्टेज मिळतं, काहींना कमी, आणि आवाजाचा पोतच बदलतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेल्या इअरफोनमध्ये हा फरक सहज कळतो. असे इअरफोन फार संवेदनशील असल्याने ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण) ‘लो’वर ठेवा, नाहीतर मागे सतत सूं असा आवाज येतो.

आता दोन ॲम्प ऐकून बघा, पण आवाज समान करूनच. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक चांगला’ वाटतो. ३०० हर्ट्झचा टोन लावा, हेडफोन जोडलेला असताना मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्हीकडे तेवढंच ठेवा. बहुतेक वेळा ‘जमीन-अस्मानाचा फरक’ इथेच विरघळतो.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये ॲम्प आतच असतो, त्याला बाहेरचा लावून उपयोग नाही. आणि लोकलच्या खडखडाटावर मात करायला ॲम्प घेत असाल, तर कान घट्ट बंद करणाऱ्या इअरटिप घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे.